विधवांची यादी कुणाकडे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीत तिशीतल्या एका भावाची नुकतीच पंच म्हणून निवड झाली आहे. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक वाचताना त्यांना 'एकदिलाचा व एकजिवाचा' समुदाय दिसतो. रविवारी आपल्या मंडळीत मात्र निवडणुकीतली गटबाजी, मालमत्तेचा दावा आणि हिशेबावरून चाललेली कुजबुज दिसते. एक मित्र त्यांना घरात भरणाऱ्या नव्या फेलोशिपमध्ये बोलावतो आहे, 'आमच्याकडे अगदी पहिल्या मंडळीसारखं आहे' म्हणून. मंडळी सोडावी की राहावं, आणि राहायचं तर विश्वासूपणे सेवा करणं म्हणजे नेमकं काय करणं, असं ते विचारतात.

भाऊ, उत्तर आधी देतो: राहा. मी आयुष्यभर मराठी मंडळ्यांत पाळक म्हणून काम केलं, खेड्यांत केलं आणि शहरातही केलं. मंडळ्या फुटताना पाहिल्या, फुटलेल्या पुन्हा फुटताना पाहिल्या. पहिली मंडळी म्हणून जे चित्र तुम्ही मनात धरलं आहे ते दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायातलं आहे. पाचव्यात हनन्या आणि सप्पीरा येतात, पैशाबद्दल खोटं बोलणारे. सहाव्यात कुरकुर सुरू होते. म्हणजे पहिल्या मंडळीसारखी मंडळी हवी असेल, तर ती तुम्हाला मिळालेलीच आहे. त्या लोकांनी कुरकुरीचं काय केलं, हे मात्र आपण फारसं वाचत नाही.

सहावा अध्याय सावकाश वाचा. यरुशलेमेत रोज वाटप होत होतं. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणारे यहुदी, बाहेरगावाहून येऊन राहिलेले. इब्री लोक तिथलेच. तक्रार अशी की वाटणीत हेल्लेणी विधवांकडे दुर्लक्ष होतं. ज्या बाईचं गाव दूर, भाषा वेगळी, नवरा गेलेला, तिची बाजू कोण घेणार? प्रेषितांना ही तक्रार दाबता आली असती. 'एवढं मोठं आत्म्याचं काम चाललं असताना भाकरीवरून काय बोलता' असं म्हणता आलं असतं. आपल्याकडे हे वाक्य मी किती सभांत ऐकलं आहे! त्यांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सांगितलं की आपल्यातून सात माणसं निवडा. निवडलेल्यांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. निकलाव तर अंत्युखियाचा, जन्माने यहुदीसुद्धा नाही. ज्या बाजूची तक्रार होती त्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप गेलं, असं मी या नावांवरून समजतो. 'दोन्ही बाजूंचे तीन-तीन आणि एक अध्यक्ष' असली वाटाघाट तिथे दिसत नाही.

तुम्ही पंच झाला आहात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: आपल्या मंडळीत विधवांची यादी कुणाकडे आहे? सभासदांची यादी असते, मतदारांची असते, वर्गणी थकलेल्यांची तर नक्कीच असते. पण कुणाच्या घरात कमावतं माणूस उरलं नाही, कोण म्हातारं एकटं आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाची मुलगी फी न भरल्यामुळे घरी बसली आहे, याची लेखी यादी मला फार थोड्या मंडळ्यांत सापडली. 'सगळ्यांना माहीतच असतं' असं सांगतात. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणाच्याच कामाच्या वहीत नसतं.

सुरुवातीच्या मंडळ्यांत ही वही होती, याचे पुरावे आहेत. सन २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेल्य याने अंत्युखियाच्या बिशपाला लिहिलेलं पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलं आहे. त्यात रोमच्या मंडळीच्या सेवेतली माणसं मोजलेली आहेत: ४६ वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ मदतनीस आणि इतर काही. आणि त्यांच्याच रांगेत १,५०० हून जास्त विधवा आणि अडचणीतली माणसं, ज्यांना मंडळी पोसत होती. छळाचा काळ, बिशपपदावरून फूट पडलेली, तरी हा आकडा त्याला ठाऊक आहे.

याहून जवळून दिसणारा कागद उत्तर आफ्रिकेतला आहे. सिर्टा शहर, म्हणजे आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टँटिन. सन ३०३, मे महिना. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या ख्रिस्तीविरोधी हुकमाने अधिकारी मंडळीच्या घरावर धाड घालतात आणि एकेक वस्तू लिहून घेतात. सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६ प्याले, दिवे, समया. आणि मग: बायकांचे ८२ अंगरखे, डोक्यावर घ्यायची ३८ वस्त्रं, पुरुषांचे १६ अंगरखे, पुरुषांचे १३ जोड आणि बायकांचे ४७ जोड चपला. एवढे कपडे कशासाठी ठेवले असतील? वाटायला, यात मला शंका वाटत नाही. बायकांचे कपडे पुरुषांच्या पाचपट आहेत, म्हणजे दारात कोण येत होतं तेही कळतं. हा कागद त्या मंडळीच्या गौरवाचा नाही, हेही सांगायला हवं. त्या दिवशी तिथल्या बिशपाने आणि सेवकांनी घाबरून वस्तू हवाली केल्या, आणि पुढे हाच कागद न्यायालयात त्यांच्यातल्या एकाविरुद्ध वाचला गेला. भ्यायलेली माणसं होती, पण त्यांच्या घरात चपलांचे ४७ जोड होते. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तुमच्या मंडळीतल्या ज्या पंचांवर तुम्ही नाराज आहात, त्यांच्याकडेही असं काही असेल. आधी ते शोधा.

आता पैसा. तुम्ही हिशेबाच्या कुजबुजीबद्दल लिहिलं आहे. प्रेषित पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा काय केलं ते पाहा. करिंथकरांना लिहिलं की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, मी आल्यावर धावपळ नको. पैसे घेऊन कोण जाईल ते तुम्ही ठरवा, मी पत्रं देतो. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर तो स्पष्टच सांगतो की या मोठ्या रकमेवरून आमच्यावर कुणी दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो. प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते करतो. म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ पाठवला. पौलाला स्वतःच्या प्रामाणिकपणाची खात्री नव्हती का? होती. तरीही त्याने 'माझ्यावर विश्वास नाही का?' असं कुणाला विचारलं नाही. आपल्याकडे खजिनदाराला हिशेब मागितला की पहिलं वाक्य हेच येतं, आणि मग मागणाराच दोषी ठरतो.

म्हणून तुम्ही काही साध्या सवयी लावून घ्या. उपासना संपल्यावर अर्पण तिथेच, दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी मोजावं, वहीत लिहावं, दोघांनी सह्या कराव्यात. रक्कम कुणाच्या घरी रात्रभर राहू नये. सोमवारी बँकेत जावी. महिन्याचा जमाखर्च दाराजवळच्या फळ्यावर लावावा. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी जाणारा लेखापरीक्षणाचा अहवाल सभासदाला मागितल्यावर दाखवावा. यात कुणावर संशय नाही. चार चांगली माणसं कुजबुजीच्या तोंडी जाण्यापासून वाचतात, एवढाच हेतू आहे.

आणि जमा झालेला पैसा जातो कुठे, तेही पाहा. रोममध्ये साधारण सन १५५ च्या सुमारास जस्टिन नावाचा ख्रिस्ती शिक्षक लिहितो की रविवारच्या उपासनेनंतर ज्याला जे द्यायचं ते तो स्वेच्छेने देतो, आणि जमा झालेलं अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांच्यासाठी वापरलं जातं. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी प्रभुभोजनातला वाटा सेवक नेऊन देतात. सन १९७ च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतो की ही महिन्याची रक्कम जेवणावळीवर नाही, तर गरिबांना पोसायला आणि पुरायला, आईबाप नसलेल्या मुलामुलींवर, म्हाताऱ्या गुलामांवर, जहाज फुटून लुटलेल्यांवर, खाणीत धाडलेल्या कैद्यांवर खर्च होते. आपल्या मंडळीचं मागच्या वर्षाचं जमाखर्चाचं पान समोर ठेवा. रंगरंगोटी, ध्वनिक्षेपक, नाताळचं जेवण, वकिलाची फी. या बाबी चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. पण टर्टुलियनच्या यादीतली एक तरी ओळ त्या पानावर आहे का, ते बघा.

पैसा खाल्लेला माणूस खरोखरच सापडला तर? असं होतं. स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेलं पत्र आपल्या हाती आहे. तिथला वालेन्स नावाचा वडील आणि त्याची बायको लोभात पडले होते. पॉलिकार्प फार दुःखी होतो, लोभापासून सावध राहा म्हणतो, आणि पुढे सांगतो की अशा लोकांना शत्रू समजू नका, दुखावलेल्या आणि भरकटलेल्या अवयवांसारखं त्यांना परत बोलवा. पदावरून दूर करणं आणि माणसाला तोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बहुधा उलट होतं: माणूस पदावर राहतो आणि त्याच्या घरी जाणं-येणं बंद होतं.

जेवणाच्या पंगतीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मराठी मंडळीचं खरं दुखणं मला इथे दिसतं. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसं आली तेव्हा तो त्या पंगतीतून मागे सरला. पौलाचा सहकारी बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला जाब विचारला. विश्वास, बाप्तिस्मा, उपासना यांवर दोघांचं एकमत होतं. भांडण झालं ते कोण कुणाबरोबर बसून जेवतो यावरून, आणि पौलाने त्याला सुवार्तेच्या सत्याचा प्रश्न म्हटलं. करिंथातही तेच. सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन-पिऊन घ्यायचे, आणि राबणारे उशिरा पोचायचे तेव्हा त्यांच्या वाट्याला काही उरायचं नाही. 'हे प्रभूचं भोजन नव्हेच' असं पौल म्हणतो.

आपण महाराष्ट्रातले ख्रिस्ती निरनिराळ्या जातींतून आलो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पणज्या-आजोबांनी मिशनच्या आवारात एका विहिरीवर पाणी भरलं, तेव्हा केवढी मोठी गोष्ट झाली होती! आणि आजही सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हे हळूच विचारलं जातं. रोटी झाली, बेटी राहिली. घरगुती प्रार्थना सभा कुठे भरतात ते पाहा: जिथे हॉल मोठा, खुर्च्या भरपूर, चहा-पोहे हमखास. वस्तीतल्या एका खोलीच्या घरी सभा भरत नाही, 'त्यांना कशाला त्रास' म्हणून. त्या घरातल्या माणसाला कुणी विचारलं का? तुम्ही विचारा. मी एका मंडळीत नियमच केला होता की सभा पाळीपाळीने सगळ्या घरांत होईल आणि चहाशिवाय काही ठेवायचं नाही. पहिल्यांदा एका सफाई कामगार बहिणीच्या घरी सभा झाली. जागा नव्हती म्हणून निम्मे लोक गल्लीत बारदान टाकून बसले. ती बहीण दारात उभी राहून प्रत्येकाला नावाने आत बोलावत होती. त्यानंतर मंडळीत तिच्या बोलण्याला वजन आलं, आणि पुढच्या निवडणुकीत महिलांमधून तीच पंच झाली.

महिलांचा विषय आलाच आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फिबीची शिफारस करतो. ती किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका, पुष्कळांना आणि स्वतः पौलालाही आधार देणारी. साधारण ११२ च्या सुमारास बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानला लिहितो की ख्रिस्ती म्हणजे काय प्रकार आहे हे कळावं म्हणून मी दोन गुलाम स्त्रियांना यातना देऊन चौकशी केली. त्यांना ते लोक सेविका म्हणतात. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. त्याच पत्रात या लोकांबद्दल कळलेली माहिती आहे: ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात, आणि शपथ घेतात की चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी ठेवायला दिलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. ठेव परत करण्याची शपथ! पतसंस्था आणि भिशी बुडालेल्या गावांत राहणाऱ्या आपल्याला तिची किंमत वेगळी सांगायला नको.

आपल्या भूमीतही हे झालं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथे मुली शेती, विणकाम शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. कोणत्याही मंडळीचं महिला मंडळ घ्या: कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आपल्या पंचांच्या आठ दिवस आधी कळतं. तुमची यादी त्यांच्याशिवाय पुरी होणार नाही. आणि यादी त्यांच्याकडून घेऊन निर्णय मात्र पुरुषांनीच घ्यायचा, असं करू नका.

आजारपणाबद्दल. सन २५० नंतरच्या दशकात रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. आलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो की आपल्या पुष्कळ भावांनी जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची सेवा केली, मेलेल्यांचे डोळे मिटले, त्यांना आंघोळ घालून कफनात गुंडाळलं, आणि लवकरच स्वतःही गेले. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने आपल्या लोकांना सांगितलं की फक्त आपल्याच माणसांची काळजी घेण्यात विशेष ते काय? थोड्याच दिवसांपूर्वी ज्यांनी आपला छळ केला, त्यांचीही सेवा करा. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मी हे आठवत होतो. आमच्या भागातल्या तरुण मुलांनी घरात अडकलेल्या कुटुंबांना दोन वेळचे डबे पोचवले. ज्यांच्या घरचे सगळेच आजारी होते त्यांच्या मयतीला ही मुलं खांदेकरी झाली, आणि डबे देताना कोण कुठल्या धर्माचा हे पाहिलं नाही. यातली बरीच मुलं रविवारी मागच्या बाकावर मोबाईल पाहत बसणारी, म्हणून वडीलधाऱ्यांची बोलणी खाणारी. त्यांना काम मिळालं नव्हतं, इतकंच. तुमच्या मंडळीतल्या अशा मुलांना उपदेश कमी करा आणि काम द्या.

आता एका नाजूक गोष्टीवर येतो. सन २५० मध्ये सम्राट डेसियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे ४० हून जास्त दाखले सापडले आहेत. कितीतरी ख्रिस्ती डगमगले. काहींनी खरोखर बळी दिला. काहींनी लाच देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे रडत परत आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा वडील म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही, आणि त्याने वेगळी चूल मांडली, शुद्ध लोकांची. उलट बाजूला काहीजण म्हणत होते की झालं गेलं विसरा, लगेच पंगतीला बसवा. सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या बिशपांनी २५१ मध्ये कार्थेजला बसून एकेकाची गोष्ट वेगळी ऐकायचं ठरवलं: कुणी भीतीपोटी केलं, कुणी कुटुंब वाचवायला केलं, कुणी स्वतःहून धावत गेलं. पश्चात्तापाला वेळ दिला, दार मात्र बंद केलं नाही. सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता आणि त्यावरून त्याला बोलणी बसली होती. २५८ मध्ये तो मात्र उभा राहिला आणि तलवारीखाली गेला.

आपल्या मंडळ्यांतही कागदाचा प्रश्न आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, आणि पुढे शीख व बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला नाही. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा अशी ओढाताण पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. कुणी बाप्तिस्मा लांबवतं, कुणी नोकरी लागल्यापासून मंडळीत यायचं थांबतं. डेसियसचा हुकूम आणि हा आदेश एकच आहेत असं मला म्हणायचं नाही. खोटं लिहा असंही मी कुणाला कधी सांगितलं नाही. पण व्यासपीठावरून अशा लोकांना टोमणे मारणारे पाळक मी ऐकले आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ज्याची फी मंडळीने भरली नाही, ज्याला मंडळीने नोकरी दिली नाही, त्याला चारचौघांत 'दोन डगरींवर पाय' म्हणायचा अधिकार मंडळीला नाही. त्याच्या घरी जा, बसा, त्याचं सगळं ऐका. दारूत अडकलेल्याबद्दल, घटस्फोट झालेल्या मुलीबद्दलही हेच. नोव्हेशियनची शुद्ध मंडळी काही शतकांत विरून गेली, आणि जाताना तिने कुणालाही परत घरी आणलं नव्हतं.

तुमच्या मित्राच्या फेलोशिपबद्दल. घरात जमणं वाईट नाही. पहिली तीन शतकं मंडळी बहुतेक घरांतच जमली. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस इथे १९३० च्या दशकात उत्खननात असंच एक घर सापडलं. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून साठ-सत्तर माणसं बसतील एवढी जागा केली होती, आणि बाजूच्या खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड, भिंतीवर मेंढपाळाचं चित्र. पण घरात भरते म्हणून कोणतीही सभा पहिल्या मंडळीसारखी होत नाही. डिडाखे नावाचं एक फार जुनं छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. त्यात फिरत्या उपदेशकांना ओळखण्याचे नियम आहेत. आलेल्याचं प्रभूसारखं स्वागत करा; एक दिवस, गरज असेल तर दोन दिवस राहू द्या; तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या नावाने 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. मोठे मंडप घालून बरं करण्याच्या सभा घेणारे आणि शेवटी खात्याचा क्रमांक पडद्यावर दाखवणारे उपदेशक मी हल्ली पाहतो, तेव्हा मला वाटतं हा नियम प्रत्येक मंडळीच्या दारावर लावावा.

मित्राकडे प्रार्थनेला जरूर जा. जाल तेव्हा तीन गोष्टी सरळ विचारा. इथला हिशेब कोण तपासतं? इथल्या पुढाऱ्याला चुकलं तर कोण सांगू शकतं? आणि इथल्या कुणाच्या घरी या महिन्यात कुणी धान्य पोचवलं का? उत्तरं चांगली असतील तर देवाचे आभार माना, आणि त्यांच्याकडून शिकून आपल्या मंडळीत या. पौल आणि बर्णबा प्रवासात मध्येच साथ सोडून गेलेल्या मार्कावरून इतके भांडले की दोन वाटांनी गेले. तरी शेवटच्या पत्रात पौल मार्काला बोलावून घ्यायला सांगतो, सेवेसाठी तो उपयोगी आहे म्हणतो. पौलाचं मत बदलेपर्यंत बर्णबाने त्या पोराला सांभाळलं होतं. तुमच्या मंडळीला बर्णबांची गरज आहे.

स्वतःला सांभाळायची गोष्टही सांगतो, कारण तरुण पंच दोन वर्षांत थकून जाताना मी पाहिले आहेत. सगळ्या समित्यांवर नाव देऊ नका. घरी बायको-मुलांना रविवारी दुपारी तुम्ही दिसलात पाहिजे. पवित्र शास्त्र भाषणाच्या तयारीसाठी वाचता त्याहून वेगळं, स्वतःसाठी वाचा, पहाटे, मोठ्याने. वाद पेटलेल्या सभेला जाण्यापूर्वी ज्याच्याशी वाद आहे त्याच्या नावाने प्रार्थना करा. सभेत आवाज आपोआप खाली येतो. मला याचा अनुभव पुष्कळदा आला.

आणि यादीचं काम याच महिन्यात सुरू करा. महिला मंडळातल्या दोघींना विचारून पहिली दहा घरं लिहा. एकटे जाऊ नका. त्यांच्यापैकी एखाद्या बाईंना बरोबर न्या, विशेषतः एकट्या विधवेच्या घरी. पहिल्या भेटीत प्रार्थना करा आणि कागद पाहायला मागा: रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. संजय गांधी निराधार योजना किंवा श्रावणबाळ योजनेत बसणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या नुसत्या तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अडलेल्या असतात. चकरा मारायला माणूस नसतो. तो माणूस तुम्ही व्हा. अर्ज भरून दिला की पावतीची झेरॉक्स यादीच्या वहीत चिकटवा, तारीख घाला, आणि पुढच्या पंचांच्या सभेत ती वही कार्यक्रमपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाचा विषय म्हणून ठेवा.